वाळवंटातील पहिल्या अल्ट्रामॅरेथॉनपूर्वीची धास्ती : नागपूरच्या नवोदित धावकांसाठी मार्गदर्शन

४२.१९५ किलोमीटरच्या मॅरेथॉनपेक्षा लांब पल्ल्याच्या शर्यतीला अल्ट्रामॅरेथॉन म्हणतात, आणि तो पल्ला वाळवंटातल्या कच्च्या वाटांवरून गाठायचा असेल, तर मुरलेल्या धावकाच्याही पोटात आदल्या रात्री गोळा येतो. सिव्हिल लाइन्सच्या झाडांखाली, फुटाळ्याच्या काठाने किंवा अंबाझरीच्या परिसरात पहाटे धावणाऱ्या ज्या नागपूरकरांच्या मनात जैसलमेरकडचे थर, कच्छचे रण किंवा मोरोक्कोतील सहारा घर करून बसले आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे. सहारातील ‘मॅरेथॉन दे साब्ल’ ही १९८६ पासून होणारी, सुमारे २५० किलोमीटरची, टप्प्याटप्प्याने धावण्याची शर्यत प्रसिद्ध आहे. पण थरमधली ५० किलोमीटरची पहिली शर्यतही नवख्या माणसाला तितकीच अफाट वाटते, आणि तसे वाटण्यात काही गैर नाही.

नोंदणी करताना शर्यत सहा-आठ महिने दूर असते, म्हणून तेव्हा उत्साहच अधिक असतो. धास्ती डोके वर काढते ती शेवटच्या तीन आठवड्यांत. झोप विस्कटते, गुडघ्यात कुठेतरी कळ येते, घरच्यांवर चिडचिड होते आणि ‘आपण हे कशासाठी ठरवले?’ हा प्रश्न दिवसातून अनेकदा पडू लागतो. अशा वेळी बहुतेक जण स्वतःला ‘काही होत नाही, घाबरू नकोस’ असे सांगतात. माझ्या मते हा उपाय फारसा उपयोगाचा नाही, कारण वाळवंटाबद्दलच्या भीतीत खरी माहितीही दडलेली असते. त्या भीतीतील कोणता भाग सरावाने कमी होतो, कोणत्या भागाबाबत आधीच निर्णय घेऊन ठेवावा लागतो आणि कोणता भाग तसाच सोबत न्यावा लागतो, हे वेगवेगळे करणे हेच शर्यतीपूर्वीचे मुख्य काम आहे. पुढील पायऱ्या त्याच क्रमाने दिल्या आहेत.

पहिली पायरी : शरीरात काय घडते ते समजून घ्या

धोक्याची किंवा मोठ्या आव्हानाची चाहूल लागताच शरीर ॲड्रेनालिन आणि कॉर्टिसॉल ही संप्रेरके रक्तात सोडते. हृदयाचे ठोके वाढतात, श्वास उथळ होतो, पचनसंस्थेकडील रक्तपुरवठा घटून तो स्नायूंकडे वळतो, तोंड कोरडे पडते, तळहातांना घाम येतो, वारंवार लघवीला किंवा शौचाला जावेसे वाटते. पोटात कालवाकालव होणे, जेवण नकोसे वाटणे, जांभया येणे, हातपाय गळाल्यासारखे वाटणे ही याचीच रूपे आहेत. शर्यत सुरू होण्याआधी मनगटावरील घड्याळात हृदयगती नेहमीपेक्षा बरीच जास्त दिसली, तरी तेवढ्यावरून प्रकृती बिघडली असे समजू नये. शरीर कामाला लागण्याच्या तयारीत आहे, एवढाच त्याचा अर्थ असतो.

याला अपवाद आहेत आणि ते गांभीर्याने घ्यायला हवेत. छातीत दुखणे किंवा दाब जाणवणे, धावताना अचानक चक्कर येऊन पडणे, हृदयाचे ठोके अनियमित पडल्यासारखे वाटणे, ताप असणे, ही धास्तीची लक्षणे मानून अंगावर काढू नयेत. शर्यतीच्या काही महिने आधी डॉक्टरांकडून तपासणी करून घेतली असेल, तर शेवटच्या आठवड्यातील धडधडीकडे अधिक शांतपणे पाहता येते. तसेच धास्ती शर्यतीपुरती न राहता कामावर, जेवणावर आणि रोजच्या झोपेवर कित्येक आठवडे परिणाम करत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांशी बोलावे. केंद्र सरकारच्या ‘टेली मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही बोलता येते.

दुसरी पायरी : भीती कागदावर उतरवा

शर्यतीच्या साधारण चार-पाच आठवडे आधी एक वही घ्या आणि मनात येणारी प्रत्येक भीती एकेका ओळीत, संकोच न करता लिहा. ‘वाळवंटाची भीती वाटते’ अशी मोघम ओळ उपयोगाची नाही. रात्री एकटे पडण्याची भीती आहे, वाट चुकण्याची आहे, पाणी संपण्याची आहे, विंचू-सापांची आहे, पायांना फोड येण्याची आहे, कट-ऑफ वेळेत, म्हणजे आयोजकांनी ठरवलेल्या कमाल वेळेत, न पोहोचण्याची आहे, की गटातील इतर धावक काय म्हणतील याची आहे, हे नेमके लिहा. शेवटची भीती लिहायला सगळ्यांत जड जाते, पण माझे निरीक्षण असे की नवख्या धावकांची झोप विंचवापेक्षा तिनेच अधिक मोडते.

२०११ मध्ये शिकागो विद्यापीठातील संशोधकांनी असे दाखवले होते की परीक्षेच्या ऐन आधी दहा मिनिटे आपल्या चिंता मोकळेपणाने लिहून काढणाऱ्या, परीक्षेची धास्ती घेणाऱ्या विद्यार्थ्यांची कामगिरी सुधारली. तो प्रयोग धावण्यावरचा नव्हता, तरीही लिहिण्याचा लाभ येथे वेगळ्या कारणाने होतो : लिहिलेल्या भीतीपुढे काम लिहिता येते. म्हणून यादी झाल्यावर प्रत्येक ओळीसमोर ‘सराव’, ‘निर्णय’ किंवा ‘सोबत’ यांपैकी एक शब्द लिहा. वाळूत धावता येईल का, ही सरावाची बाब आहे. वादळ आले तर काय करायचे, ही निर्णयाची बाब आहे. त्या दिवशी वारा समोरून असेल का, हे कोणाच्याच हाती नाही, म्हणून ती भीती सोबत न्यायची आहे. बहुतेकांच्या यादीत तिसऱ्या प्रकारच्या ओळी अगदी थोड्या निघतात, आणि हे कागदावर दिसल्यानेच बरेचसे ओझे उतरते.

तिसरी पायरी : सरावाने घटणारी भीती नागपुरातच घटवा

नागपूरच्या धावकाला उन्हाची सवय आहे, असा समज बाहेरच्यांइतकाच नागपूरकरांनाही असतो, आणि तो अर्धाच खरा आहे. मे महिन्यात येथे पारा ४५ अंशांच्या वर जातो, नवतपात दुपारी रस्ते ओस पडतात, आणि डोक्याला दुपट्टा गुंडाळल्याशिवाय कोणी घराबाहेर पडत नाही. परंतु उष्णतेशी जुळवून घेण्याची शरीराची क्षमता कायमची नसते. रोज तास-दीड तास उन्हात व्यायाम केल्यास १० ते १४ दिवसांत रक्तातील द्रवाचे प्रमाण वाढते, घाम लवकर सुटू लागतो आणि त्यातील मीठ कमी होते. हा सराव थांबला की काही आठवड्यांत हे बदल ओसरतात. त्यामुळे मे महिन्यातील ऊन डिसेंबरमधील शर्यतीला पुरत नाही. थरमधील शर्यत हिवाळ्यात असेल, तर नोव्हेंबरमध्ये सकाळऐवजी दुपारी धावण्याचे काही दिवस ठेवावेत. सहारातील शर्यत साधारणपणे एप्रिलमध्ये होते. त्यासाठी मात्र नागपूरचा मार्च अतिशय सोयीचा आहे, कारण त्या महिन्यात दुपारचे तापमान ३५ अंशांच्या पुढे जाऊ लागते. हा सराव नेहमी सोबत्यासह, पाणी जवळ ठेवून आणि वेळ हळूहळू वाढवत करावा.

वाळवंटातील कोरड्या हवेची आणखी एक गोष्ट आधी माहीत असलेली बरी. घाम तेथे त्वचेवर टिकत नाही, लगेच उडून जातो, त्यामुळे घाम येतच नाही असे वाटते आणि पाणी पिणे राहून जाते. कपड्यांवर मिठाचे पांढरे डाग दिसले की किती घाम गेला याचा अंदाज येतो.

नागपूरकराला ज्याची खरी सवय नसते, ती वाळू. आपला बहुतेक सराव डांबरी आणि काँक्रीटच्या सपाट रस्त्यांवर होतो. वाळूवरील धावण्याचा अभ्यास करणाऱ्या संशोधकांनी १९९८ मध्ये मांडलेले आकडे लक्षात ठेवण्याजोगे आहेत : कठीण पृष्ठभागाच्या तुलनेत वाळूवर धावायला सुमारे १.६ पट आणि चालायला २.१ ते २.७ पट ऊर्जा लागते. म्हणजे वर्धा रोडवर सहज साधणारा वेग वाळूत साधला नाही, तर तयारी कमी पडली असा निष्कर्ष काढण्याचे कारण नाही. हे ऐकून पटत नाही. पायांना कळावे लागते. त्यासाठी पावसाळा ओसरल्यावर कामठीजवळ कन्हान नदीच्या पात्रात उघडी पडणारी वाळू उपयोगी पडते. आठवड्यातून एकदा, सुरुवातीला वीस मिनिटे आणि पुढे तासभर, तेथे धावावे. पावले लहान ठेवावीत, टाचेवर जोर देऊ नये, वरचा थर जेथे घट्ट आहे तेथून वाट काढावी, आणि मऊ वाळूच्या चढावर धावण्याचा हट्ट सोडून चालावे. वाळूउपशामुळे पात्रात खोल खड्डे झालेले असतात आणि पाण्याची धारही जागा बदलते, म्हणून दिवसाउजेडी, जागा आधी पाहून आणि स्थानिकांना विचारूनच जावे. बुटांत वाळू शिरू नये म्हणून वापरायचे गेटर, अर्ध्या मापाने मोठे बूट आणि पायांना लावायची टेप यांची परीक्षाही येथेच करावी. सराव करताना कोणत्या बोटाला फोड येतो हे कळले, की त्या बोटाला निघण्यापूर्वीच टेप लावता येते आणि यादीतील एक ओळ खोडता येते.

अंधाराची भीतीही अशीच आहे. हेडलॅम्पच्या प्रकाशात जमीन सपाट दिसते, खळगे लपतात आणि वेगाचा अंदाज चुकतो. शर्यत रात्रभर चालणार असेल, तर किमान तीन-चार वेळा मध्यरात्रीनंतर किंवा पहाटे तीनच्या सुमारास उठून, गटाने, रहदारी नसलेल्या ओळखीच्या रस्त्यावर धावावे. गोरेवाड्यासारख्या जंगलाला लागून असलेल्या वाटांवर मात्र अंधारात जाऊ नये. त्या भागात बिबट्यांचा वावर आहे. चढ-उताराचा सराव रामटेकच्या गडावर दिवसा करावा.

चौथी पायरी : कठीण निर्णय घरी बसून घ्या

या पायरीवर मी अधिक रेंगाळणार आहे, कारण वाळवंटात जे बिघडते ते बहुधा थकलेल्या डोक्याने घेतलेल्या निर्णयांमुळे बिघडते. तापलेल्या, भुकेल्या, झोप न झालेल्या माणसाने तेथे विचार करावा अशी अपेक्षाच धरू नये. ‘असे झाले, तर मी असे करीन’ या स्वरूपाची वाक्ये वहीत लिहून, ती मोठ्याने वाचून पाठ करावीत. पेटर गोलवित्झर या मानसशास्त्रज्ञाने १९९९ मध्ये अशा ‘जर-तर’ योजनांचे महत्त्व मांडले; प्रसंग समोर येताच ठरवलेली कृती विचाराविना घडते, हा त्यांचा मोठा गुण आहे.

पहिला निर्णय वाट चुकण्याचा. १९९४ च्या ‘मॅरेथॉन दे साब्ल’मध्ये माउरो प्रॉस्पेरी हा इटालियन धावक वाळूच्या वादळात सापडला, वादळातही पुढे जात राहिला आणि वाट हरवून अल्जीरियाच्या हद्दीत पोहोचला, नऊ दिवसांहून अधिक काळानंतर तो जिवंत सापडला. म्हणून पहिले वाक्य असे लिहावे : समोरची खूण दिसेनाशी झाली, तर मी थांबेन, तोंड-नाक कापडाने झाकून वाऱ्याकडे पाठ करून बसेन, आणि दिसू लागल्यावरच उठेन. दुसरे वाक्य : दहा मिनिटांत मार्गाची एकही खूण दिसली नाही, तर मी अंदाजाने पुढे न जाता, आलेल्या पावलांवरून शेवटच्या खुणेपर्यंत परतेन.

दुसरा निर्णय थंडीचा. वाळवंट म्हणजे ऊन, हे समीकरण डोक्यातून काढायला हवे. २२ मे २०२१ रोजी चीनच्या गान्सू प्रांतात, कोरड्या डोंगराळ प्रदेशात, १०० किलोमीटरची शर्यत चालू असताना हवामान अचानक बदलले. जोराचा वारा, गारा आणि गोठवणारा पाऊस यांत १७२ पैकी २१ धावक मृत्युमुखी पडले. अनेकांच्या अंगावर तोकडे कपडे होते. वारा अडवणारे जॅकेट सक्तीच्या सामानाच्या यादीत नव्हते. एका मेंढपाळाने आपल्या गुहेत आसरा देऊन सहा जणांना वाचवले. हे सांगण्यामागे भीती वाढवण्याचा हेतू नाही. हलके जॅकेट आणि अंगाभोवती गुंडाळायचे चंदेरी आवरण यांचे वजन नगण्य असते, आणि आयोजकांनी सांगितले नसले तरी ती दोन्ही पिशवीत असणे हा तुमचा निर्णय असायला हवा. थरमध्येही हिवाळ्यात रात्रीचे तापमान दहा अंशांच्या खाली जाते आणि घामाने भिजलेल्या अंगाला ते फार कमी असते.

तिसरा निर्णय शर्यत सोडण्याचा. नवखे धावक हा विषय मनात आणणेही अपशकुन मानतात, आणि त्यामुळेच ती भीती शेवटपर्यंत आतून पोखरत राहते. कोणत्या परिस्थितीत थांबायचे हे आधी लिहून ठेवले, की बाकी सर्व परिस्थितींत पुढे जाण्याची मोकळीक मिळते. माझ्या मते तीन अटी पुरेशा आहेत : बोलण्यात किंवा वागण्यात गोंधळ होत असल्याचे सोबत्याने सांगितले; दीर्घकाळ उलट्या होऊन पाणीही टिकेनासे झाले; किंवा एखाद्या दुखण्यामुळे सरळ चालता येईना. यांपैकी पहिली अट सर्वांत गंभीर आहे. शरीराचे आतील तापमान ४० अंशांच्या वर जाऊन मनाचा गोंधळ उडू लागला, तर तो उष्माघात असतो, आणि त्या माणसाला हलवण्याआधी मिळेल त्या पाण्याने थंड करायला सुरुवात करणे आवश्यक असते. पाय दुखणे, रडू येणे, ‘आता शक्य नाही’ असे वाटणे या गोष्टी या तीन अटींत बसत नाहीत. अशा वेळी पुढच्या एड स्टेशनपर्यंत (मार्गावरील पाणी-खाणे मिळणाऱ्या मदत केंद्रापर्यंत) चालत जाऊन, खाऊन, दहा मिनिटे बसून मगच विचार करायचा, हेही लिहून ठेवावे.

पाण्याबाबतचा निर्णय थोडा नाजूक आहे. पाणी संपण्याच्या भीतीने अनेक जण गरजेपेक्षा खूप अधिक पाणी पितात, त्यामुळे रक्तातील सोडियम धोकादायक पातळीपर्यंत घटू शकते. डोके दुखणे, मळमळ, बोटे आणि मनगट सुजणे ही त्याची लक्षणे आहेत. तहानेप्रमाणे पिणे आणि खाण्यातून किंवा ओआरएसमधून मीठ घेत राहणे हा सर्वसाधारण नियम ठीक आहे. ओआरएसची पुडी तिच्यावर लिहिलेल्या प्रमाणातच पाण्यात मिसळावी, अर्ध्या पाण्यात घट्ट करून पिऊ नये. वेदनाशामक गोळ्या, विशेषतः आयब्युप्रोफेनसारख्या, लांब शर्यतीत मूत्रपिंडांवर ताण आणतात. त्या घ्यायच्या नाहीत असे आधीच ठरवावे.

घरच्यांची काळजी हाही याच पायरीचा भाग आहे. ‘अगं, एवढ्या लांब वाळवंटात कशाला?’ असे आई किंवा आजी विचारते तेव्हा तिला आकडेवारी ऐकवून उपयोग होत नाही. शर्यतीचा नकाशा, वैद्यकीय पथकाची व्यवस्था, आयोजकांचा संपर्क आणि तुम्ही साधारण केव्हा कोठे असाल याचा कागद तिच्या हाती द्यावा, आणि मार्गावर अनेक ठिकाणी मोबाइलला रेंज नसते हे आवर्जून सांगावे. दोन-तीन तास फोन लागला नाही म्हणजे काही अघटित घडले असे नाही, हे घरी सर्वांना माहीत असले, की तुमच्या मनावरचाही एक भार हलका होतो.

पाचवी पायरी : टेपरच्या आठवड्यांत हात आवरा

शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत धावण्याचे अंतर टप्प्याटप्प्याने जवळजवळ निम्म्यावर आणतात. याला धावक टेपर म्हणतात. शरीराला याचा लाभ होतो, पण मनाला रिकामा वेळ मिळतो आणि ते त्यात काहीतरी शोधून काढते. कधी न दुखलेली पोटरी दुखू लागते, घसा खवखवल्यासारखा वाटतो, वजन वाढल्याचा भास होतो. यांतील बहुतेक दुखणी दोन-तीन दिवसांत जागा बदलतात किंवा नाहीशी होतात. एकाच जागी टिकणारे, पायऱ्या उतरताना वाढणारे आणि सूज असलेले दुखणे मात्र फिजिओथेरपिस्टना दाखवावे.

या काळातील सर्वांत मोठा मोह म्हणजे ‘एकदा तीस किलोमीटर धावून पाहू, म्हणजे खात्री पटेल’. असे धावल्याने क्षमता वाढत नाही, कारण इतक्या थोड्या दिवसांत शरीर तो सराव पचवू शकत नाही. थकवा मात्र शर्यतीपर्यंत पुरतो. खात्री हवी असेल, तर गेल्या चार महिन्यांतील सरावाची वही उघडून वाचावी. धावकांच्या व्हॉट्सॲप गटांवरील बूट, जेल (धावताना खायचे गोड, घट्ट द्रव) आणि हवामान यांविषयीच्या चर्चांपासून शेवटच्या आठवड्यात दूर राहावे, आणि हवामानाचा अंदाज दिवसातून एकदाच पाहावा.

सहावी पायरी : सामान आणि प्रवास

निघण्याच्या चार-पाच दिवस आधी सर्व सामान सतरंजीवर मांडून यादीशी ताडून पाहावे, मग भरलेली पिशवी पाठीवर घेऊन तासभर चालावे. हेडलॅम्प आणि जादा बॅटऱ्या, शिट्टी, जॅकेट, ओआरएस, टेप, मान झाकणारी टोपी, डोळ्यांत वाळू जाऊ न देणारा चष्मा आणि नेहमीचा सुती दुपट्टा ही त्यातील मुख्य मंडळी. प्रवासात मोठी बॅग हरवू शकते, म्हणून धावण्याचे बूट आणि हायड्रेशन पॅक (पाणी भरून पाठीवर घ्यायची पिशवी) हातातच ठेवावेत. नागपूरहून राजस्थान किंवा कच्छ गाठायला बराच वेळ लागतो. शर्यतीच्या किमान दोन दिवस आधी पोहोचण्याचे नियोजन करावे, म्हणजे गाडीच्या उशिराची धास्ती शर्यतीच्या धास्तीत मिसळत नाही.

सातवी पायरी : शेवटचे दोन दिवस

धास्तीचा पहिला परिणाम पोटावर होतो, त्यामुळे शेवटच्या दोन दिवसांत पोटाला अनोळखी काही देऊ नये. निघण्यापूर्वी तर्री-पोहे आणि सावजी जेवण टाळावे, आणि तेथे पोहोचल्यावर तुपाने माखलेले दालबाटी-चुरमा शर्यत संपेपर्यंत लांब ठेवावे. वरण-भात, मऊ खिचडी, दही, पोळी, केळी, उकडलेला बटाटा असे साधे जेवण पुरते. भूक नसली, तरी थोडे थोडे खावे. शेवटच्या रात्री पोट भरून जेवण्यापेक्षा आदल्या दुपारचे जेवण मोठे ठेवणे सोसते.

झोपेविषयी एक गोष्ट नि:संकोच सांगतो : शर्यतीच्या आदल्या रात्री झोप लागत नाही, हे गृहीत धरावे. एका रात्रीच्या अपुऱ्या झोपेने पायांतील ताकद फारशी घटत नाही. ‘झोप आली नाही, आता काय होणार’ या काळजीने मात्र माणूस थकतो. त्यामुळे त्याआधीच्या चार-पाच रात्री लवकर झोपून झोपेची शिल्लक करावी, आणि शेवटच्या रात्री डोळे मिटून पडून राहिले तरी पुरे. झोपेची गोळी पहिल्यांदाच घेऊन पाहण्याची ही वेळ नव्हे. चहा-कॉफीतील कॅफिनचा निम्मा अंश साधारण पाच तासांनंतरही शरीरात असतो, म्हणून दुपारनंतर चहा घेऊ नये. पडल्या पडल्या श्वास चार सेकंद आत आणि सहा सेकंद बाहेर, असा दहा मिनिटे चालू ठेवावा. लांबवलेल्या उच्छ्वासाने हृदयगती खाली येते. ज्यांना भ्रामरीची सवय आहे त्यांनी भ्रामरी करावी, परिणाम तोच होतो.

आठवी पायरी : शर्यतीची पहाट

सुरुवातीच्या वेळेच्या तीन तास आधी उठावे, नेहमीचा नाश्ता करावा आणि शौचालयाच्या रांगेसाठी भरपूर वेळ ठेवावा. बिब (छातीवर लावायचा धावक क्रमांक), बूट आणि पिशवी यांची तपासणी एकदाच करावी. पुन्हा पुन्हा तपासल्याने शंका वाढतात. एखाद्या शेजारच्या धावकाचे महागडे सामान किंवा त्याने पूर्वी धावलेल्या शर्यतींची यादी ऐकून मन खचू लागले, तर थोडे बाजूला जाऊन उभे राहावे.

या क्षणी ‘शांत हो’ असे स्वतःला बजावणे अवघड जाते, कारण शरीर शांत होण्याच्या स्थितीतच नसते. हार्वर्ड बिझनेस स्कूलमधील संशोधक ॲलिसन वुड ब्रुक्स यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत गाणे, भाषण आणि गणित यांआधी ‘मी उत्साहात आहे’ असे स्वतःला म्हणणाऱ्यांची कामगिरी शांत राहण्याचा प्रयत्न करणाऱ्यांपेक्षा चांगली झाली. धडधड तीच असते, तिला दिलेले नाव बदलते. आपल्या मराठीत, आपल्या आवाजात, ‘मला निघायची उत्सुकता आहे’ असे दोन-तीनदा म्हणावे. नंतर पाच मिनिटे सावकाश चालावे आणि वहीतील ‘जर-तर’ वाक्ये एकदा मनात म्हणावीत.

नववी पायरी : पहिले दहा किलोमीटर

धास्तीची खरी किंमत येथे मोजावी लागते. साठलेले ॲड्रेनालिन, पहाटेचा गारवा आणि भोवतालची गर्दी यांमुळे पहिल्या तासात वेग आपोआप वाढतो आणि तो वाढला आहे हे जाणवतही नाही. वाळूत हा वेग फार महाग पडतो. म्हणून पहिल्या दहा किलोमीटरपर्यंत घड्याळातील वेग न पाहता, सोबत्याशी पूर्ण वाक्यात बोलता येते आहे का, एवढेच पाहावे. धाप लागून वाक्य तुटत असेल, तर चालावे, मग भोवतालचे सगळे पुढे गेले तरी चालेल. त्यांतील अनेक जण पुढे दिवस चढल्यावर पुन्हा भेटतात.

दुसरे काम खाण्याचे. धास्तीमुळे भूक लागत नाही आणि पहिले दोन तास काहीच न खाता निघून जातात. ती तूट पुढे भरून निघत नाही. घड्याळात दर तीस मिनिटांचा गजर लावावा आणि तो वाजला की भूक असो वा नसो, थोडे खावे. तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके हे नवख्यासाठी योग्य प्रमाण आहे. एका मध्यम केळ्यातून सुमारे २५ ग्रॅम मिळतात, बाकीचे खजूर, राजगिऱ्याचा लाडू किंवा सरावात सवय केलेले जेल यांतून घ्यावे. पहिल्या एड स्टेशनवर पोहोचल्यावर बाटल्या भराव्यात, बुटांतील वाळू झटकावी, पायांना कोठे काचते आहे का ते पाहावे आणि काचत असेल तर त्याच ठिकाणी बसून टेप लावावी. पुढच्या एड स्टेशनपर्यंतचे अंतर स्वयंसेवकाला विचारून घ्यावे आणि तेथपर्यंतचाच हिशेब डोक्यात ठेवून निघावे.